कणा आणि कॉर्नेट

रुग्णालय मिशनचे होते, वसईतल्या माणिकपूरच्या अंगाला. मी तिथे रुजू झाले तेव्हा एका खोलीच्या दारावर पाटी लागलेली होती : 'भौतिकोपचार विभाग', म्हणजे फिजिओथेरपी. ती वाचून कॉलेजातल्या एका मुलाने मला विचारले, "आणि रसायन कुठे आहे?" तो थट्टा करत होता की खरेच विचारत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. बाकी कोणी पाटी वाचण्याच्या फंदात पडले नाही. लोक खोलीला 'शेकाची खोली' म्हणत आणि मला 'शेकवाली बाई'. नोकरी सुटली तरी हे नाव सुटलेले नाही. मागच्या वर्षी बाजारात एका वृद्ध बाईंनी आपल्या सुनेला माझी ओळख याच नावाने करून दिली.

खोलीत एक लाकडी टेबल होते, भिंतीला शिडीसारख्या आडव्या पट्ट्या होत्या, छताला विहिरीवर असते तशी कप्पी आणि दोर होता, आणि शेक देण्याचा एक लाल दिवा होता. दिव्याला मान फार. माणिकपूरचे एक किराणा दुकानदार गुडघ्यासाठी येत. त्यांच्या गुडघ्याला दिव्याचा उपयोग नव्हता, मांडीचे स्नायू बळकट करणे एवढेच काम होते. पण दिवा लागल्याखेरीज ते पाय उचलायला तयार नसत. शेवटी मी दिवा लावून भिंतीकडे तोंड करून ठेवू लागले. ते त्याच्याकडे बघत निमूटपणे व्यायाम करत. गुडघा सुधारला. पुढे त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की दिवा इतका जबरदस्त आहे की नुसता भिंतीवर पाडला तरी गुण येतो. त्यानंतर दोन महिने मला दिव्यासमोर रांग लावावी लागली.

माझे वडील एका दैनिकात उपसंपादक होते. घरात कोणी विशेषण वापरले की ते पुरावा मागत. "भयंकर दुखतं" असे म्हटले की विचारत, "म्हणजे काय करता येत नाही?" या पेशात मला शिकलेल्या विद्येइतकाच हा प्रश्न उपयोगी पडला. रुग्णाला किती दुखते हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. पण सकाळी तो कोणत्या कुशीवर वळून उठतो, चप्पल पायात स्वतः घालतो की कोणी घालते, विहिरीवरून कळशी आणतो का, केस कोण विंचरते, हे विचारता येत होते. दुखणे किती आहे ते त्या उत्तरांतून कळे, आणि माणूस मनाने कुठपर्यंत आला आहे तेही.

ज्या रुग्णांनी माझी सर्वांत जास्त वर्षे घेतली ते दाहाचे रुग्ण. बोटाला काटा लागला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. हा दाह. शरीर स्वतःची दुरुस्ती करत असते. काही माणसांच्या शरीरात मात्र काटा लागलेला नसतानाही ही दुरुस्ती सुरू होते आणि वर्षानुवर्षे थांबत नाही. कोणाचे हातापायांचे सांधे धरले जातात, कोणाचा कणा. या दुखण्याची खोड अशी की ते दिवसभर सारखे राहत नाही. रात्रीच्या झोपेनंतर अंग लाकडासारखे आखडलेले असते आणि दिवस वर येईल तसे सैल होत जाते. वरून काही दिसत नाही. सकाळी ज्याला सदरा घालता येत नाही तो संध्याकाळी नाक्यावर उभा दिसतो. पाहणारे आपापला निष्कर्ष काढतात.

इनासबद्दलही तो काढून झालेला होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इनास पंचविशीतला, वसईच्या एका ख्रिस्ती वाडीतला मुलगा. वडील बस्त्याव केळी आणि पानवेलीची बाग करत. इनास सातिवलीला नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात लेथवर होता आणि लग्नांच्या हंगामात गावच्या बँडमध्ये पहिला कॉर्नेट वाजवत असे. कॉर्नेट म्हणजे पितळेचे आखूड कर्ण्यासारखे वाद्य. बँडमधली धून पहिला कॉर्नेट उचलून धरतो, दुसरा त्याला साथ देतो. पाठ आखडू लागल्यावर सकाळची पाळी गाठता येईना आणि नोकरी गेली. कॉर्नेट अजून गेले नव्हते, पण ते कपाटावर जाऊन बसले होते.

आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दुखण्याचे नाव सांगितले होते आणि दाह कमी करणारी गोळी सुरू केली होती. बापलेक दुसऱ्यांदा आले तेव्हा डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. ही मंडळी घरात आपल्या वाडीच्या बोलीत बोलत. ती मला समजत असे, लिहिता येत नाही. म्हणून इथे त्यांचे बोलणे साध्या मराठीत दिले आहे.

"गोळीने आराम आहे का?" डॉक्टरांनी विचारले.

"पूर्ण आराम आहे, डॉक्टर," बस्त्याव म्हणाले.

"पूर्ण?"

"एकदम पूर्ण. खाटेवरून खाली उतरू देत नाय त्याला. जेवण खाटेवर, दाढी खाटेवर. रेडिओपण उशाशी आणून दिलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

या गोंधळात बस्त्याव यांची चूक नव्हती. मराठीने एकाच शब्दावर दोन कामे टाकली आहेत. दुखणे हटले की आराम पडतो, आणि पडून राहिले की आरामच होतो. बहुतेक दुखण्यांत एकातून दुसरे येते, म्हणून भाषेचे आजवर काही अडले नाही. पाठीत उसण भरली तर पडून राहा, चार दिवसांत बरे वाटेल. इनासच्या दुखण्याचा हिशेब उलटा होता. तो जितका पडून राही तितका कणा अधिक आखडे, आणि अधिक आखडला की घरचे त्याला अधिक पडून ठेवत. प्रेमाने चाललेला हा प्रकार सहा महिन्यांवर गेला होता.

मी इनासला विचारले, "सकाळी कसं वाटतं?"

"सकाळी तर हलताच येत नाय त्याला," बस्त्याव म्हणाले.

"काका, मी इनासला विचारतेय."

इनास जमिनीकडे पाहत होता. तसाच म्हणाला, "सकाळी म्हातारा असतो. संध्याकाळी खोटारडा."

"असं बोलतो हा," बस्त्याव म्हणाले. "आधी असा नव्हता, बाई. आधी घरात हाच सगळ्यांना हसवायचा."

शेजारच्या नातालीनबाईंनी त्याला एका संध्याकाळी दुकानापर्यंत चालत जाताना पाहिले होते. दुसऱ्या दिवशी वाडीभर झाले की बस्त्यावचा मुलगा कामाच्या वेळी आजारी आणि विडीकाडीच्या वेळी ठणठणीत असतो. त्यानंतर इनासने संध्याकाळी बाहेर पडणेही सोडले. चालण्यासारखा असताना तो घरात बसे, म्हणजे निदान खोटारडा ठरू नये.

मी त्याला भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे केले आणि डोके भिंतीला टेकव म्हटले. टेकले नाही. मध्ये माझी मूठ मावत होती. मग छातीभोवती मोजण्याची फीत धरून खोल श्वास घ्यायला सांगितले. फीत जवळजवळ हललीच नाही, कारण फासळ्या जिथे कण्याला जोडलेल्या असतात ते सांधेही दाहाने धरले होते. खांदे मात्र कानांपर्यंत वर गेले. इनास कॉर्नेटवाला होता. फितीचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

"फुंक संपली का?" त्याने विचारले.

"कमी झालीय. संपलेली नाही."

"हे बरं होणार?"

"नाही," मी म्हटले. बस्त्याव दचकले. "पण काय होणार ते आपल्या हातात थोडं आहे. हे दुखणं कण्याचे मणके एकमेकांना जोडत जातं. कोणाचे थोडे, कोणाचे सगळे. वाकून पडलेल्या माणसाचा कणा वाकडाच जोडला जातो. सरळ उभं राहणाऱ्याचा सरळ. श्वासाचंही तसंच. रोज छाती फुगवली तर फासळ्या पुष्कळ काळ हलत्या राहतात."

"म्हणजे वाजवलं तर चालेल?"

"वाजवलंस तर माझं निम्मं काम वाचेल."

त्या दिवशी त्याने पहिल्यांदा मान होईल तितकी वर करून माझ्याकडे पाहिले. मग हळूहळू बाकीचे सांगितले. बँडचे दुमिंग मास्तर येऊन गेले होते. नाताळ सरला की लग्ने सुरू होतात आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागेपर्यंत बँडला उसंत नसते. मास्तरांना पहिला कॉर्नेट हवा होता. इनास नाही आला तर मुंबईहून माणूस आणावा लागणार होता, आणि आणलेला माणूस पुढल्या हंगामातही राहणार होता. मास्तर म्हणाले होते, "वाकलेला चालेल मला, बसलेला चालणार नाही. बसून वाजवायचं असेल तर चर्चमध्ये पेटी वाजव."

नोकरी गेली तेव्हा इनास इतका खचला नव्हता. बँडमधली जागा गेली असती तर त्याने अंथरूण सोडले नसते, असे माझे तेव्हाचे मत होते आणि आजही आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. आमच्या पेशात तेव्हा घरी जाण्याची पद्धत नव्हती. पण खोलीत केलेला व्यायाम घरची गादी पुसून टाकते, हे मी तोवर शिकले होते. इनासच्या खाटेवर एकावर एक दोन गाद्या होत्या आणि उशाला तीन उशा. त्या मऊ खड्ड्यात तो दिवसरात्र कोयत्यासारखा वळून पडत होता. मी गाद्या काढून फळी घालायला सांगितली आणि उशा नेऊन ठेवायला. त्याची आई कतरीन दारात उभी होती. लाल लुगडे, कोपरापर्यंत पिठाचे हात.

"फळीवर तर मेलेल्याला ठेवतात," ती म्हणाली.

"आई, ऐकून घे," इनास म्हणाला.

"काय ऐकून घेऊ? बाई, मी तुम्हाला सांगते, त्या पितळेनं याची पाठ खाल्ली. फुंकून फुंकून माणूस आतून रिकामा होतो. तुम्ही कागदावर लिहून द्या, याने वाजवायचं नाय. मग मास्तर पण गप बसतील."

"मी उलटं सांगायला आलेय. त्याने उठायचं, चालायचं, वाजवायचं. तुम्ही जेवण खाटेवर द्यायचं नाही. बूट घालून द्यायचे नाहीत."

"म्हणजे मी काय करायचं?" तिने विचारले. त्या घरात त्या दिवसांत मला ऐकू आलेला हा सर्वांत अवघड प्रश्न. सहा महिने मुलासाठी काहीतरी करत राहणे एवढाच तिचा आधार होता आणि मी तो काढून घेत होते.

व्हायचे ते झाले. इनासने चार दिवस व्यायाम केला. ठणका वाढला, कारण सुरुवातीला तो वाढतोच. आईने फळी काढून गाद्या परत घातल्या. इनास यायचा बंद झाला. दोनदा निरोप पाठवला, उत्तर आले नाही. तेवढ्यात पावसाळा संपला आणि सकाळी हवेत गारवा जाणवू लागला. हे दुखणे असलेल्यांना गारव्याच्या सकाळी अधिक जड जातात, म्हणून एका रविवारी मीच त्यांच्या घरी गेले.

सकाळच्या मिसेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, सगळे नुकतेच परतले होते. इनास अर्थातच गेला नव्हता. ओटीवर बसून तो मांडीवरचे कॉर्नेट पुसत होता. कपाटावरून ते कोणी काढून दिले, हे मी विचारले नाही. त्याने ओठांना लावून एक सूर काढला.

"बेसूर आहे," कतरीन आतून म्हणाली. वाडीतल्या बायकांनी जन्मभर बँड ऐकलेला असतो. त्यांचे कान पक्के असतात. "बघ, फुंकच राहिली नाय तुझ्यात. ठेव ते."

"बेसूर नाय आई, थंड आहे," इनास म्हणाला. "रात्रभर वर पडून होतं. थंड पितळ खालच्या सुरात बोलतं. थांब जरा."

त्याने वाद्य तोंडाला लावले आणि आवाज न काढता नुसता श्वास आत सोडत राहिला. तीन कळा बोटांनी खालीवर करत होता. सगळे बँडवाले वाजवण्याआधी असे करतात. वऱ्हाडी मंडळींना वाटते की ते वेळ काढताहेत. थोड्या वेळाने त्याने तोच सूर पुन्हा लावला. या वेळी तो जागच्या जागी बसला. कतरीन हात पुसत बाहेर आली.

इनासने कॉर्नेट मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "आई, मी पण असाच असतो ग सकाळी. मोडलेला नसतो. थंड असतो."

हे दुखणे समजावून सांगण्यासाठी मी मणक्यांचे चित्र काढले होते, दाहाचे शास्त्र सांगितले होते. त्यांपैकी काहीही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. हे एक वाक्य गेले.

"मग तुला तापवायचं कशानं?" कतरीनने विचारले.

"गरम पाण्यानं," मी म्हटले. "कढत नको, सोसेल इतकं. आणि मग हालचाल. हालचाल त्यानेच करायची."

"पाणी मी देते," ती म्हणाली. म्हणजे आता तिने काय करायचे, हे ठरले.

दुसऱ्या दिवसापासून परसातला तांब्याचा बंब उजाडायच्या आधी पेटू लागला. मी घरातल्यांना सांगितले की आराम हा शब्द काही दिवस कोणी उच्चारायचा नाही. त्याऐवजी ते विचारू लागले, "तापलास का?" याने वेगळाच घोळ झाला. एकदा नातालीनबाई कुंपणापाशी आल्या असताना बस्त्याव ओट्यावरून ओरडले, "इनास, तापलास का रे?" आतून इनास म्हणाला, "चांगला तापलोय!" नातालीनबाई दबकत मला विचारायला आल्या की बापलेकांचे भांडण कशावरून झाले.

रोजचा क्रम साधा होता. अंघोळ, मग फळीवर पालथे पडून राहणे, म्हणजे कणा पुढे न वाकता मागे जातो. मग घराच्या भिंतीला टाचा लावून डोके मागे नेण्याचा प्रयत्न. मग श्वास. खांदे वर न नेता फासळ्या बाजूंनी फुगवायच्या. ही खांदे उडवण्याची सवय मोडायची म्हणून मी जाई तेव्हा त्याच्या खांद्यांवर हात दाबून उभी राहत असे. शेवटी कॉर्नेट. वाडीतली मंडळी विहिरीवर जाता येता थांबून बघत. एकाने विचारले, "भिंत पाडायचीय का?" इनास म्हणाला, "नाय, टेकू दिलाय." तो परत बोलू लागला होता आणि मला हीच मोठी बातमी वाटली.

बूट हा वेगळा धडा होता. बँडच्या गणवेशात काळे बूट असतात आणि इनासला खाली वाकता येत नव्हते. बस्त्याव यांनी बांबूच्या काठीला तारेचा आकडा बसवून दिला. मोजा आणि बूट त्या आकड्याने ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी एक मोजा चढायला इतका वेळ लागला की कतरीन शेजारी उभी राहून स्वतःचे हात पदरात गुंडाळून धरत होती. तिने मदत केली नाही. तिने केलेल्या कामांत हे सर्वांत कष्टाचे होते. पुढे सातिवलीच्या कारखान्यानेही त्याला परत घेऊन दुपारची पाळी दिली. दुपारी तो कोणत्याही कामगाराइतका चालत होता. एवढी साधी गोष्ट आधी कोणाला सुचली नव्हती, त्यालाही नाही.

याच काळातली एक गोष्ट नोंदवायला हवी. पूर्वेच्या भातशेतीच्या गावातून एक तरुण बाई आली होती. तिचे हाताचे सांधे धरले होते. ती म्हणाली, "बाय, सकाली पानी भराला गेलं का हांडा हातात ऱ्हातच नाय. सासू बोलते, आलशी हाय." मी तिला हात वाचवून भांडे कसे उचलायचे ते दाखवले आणि पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन ये म्हटले. ती परत आली नाही. इनासच्या पाठीमागे घर होते, बँड होता, वाडी होती. सकाळी हात न चालणाऱ्या सुनेला आळशी म्हणून सगळे मोकळे होतात. अशा किती जणी खोलीच्या दारापर्यंतही आल्या नसतील, याचा अंदाज मला करता येत नाही.

डिसेंबरात दुमिंग मास्तर इनासची परीक्षा घ्यायला आले. मी तिथे नव्हते. हा प्रसंग बस्त्याव यांनी सांगितला तसा देते. मास्तर साठीचे, बुटके, मिशा पांढऱ्या. बँड चालताना ते उजव्या बाजूने चालत आणि हाताच्या खुणेने धून सुरू करत, बदलत, थांबवत. त्यांनी इनासला अंगणातून वाडीच्या तोंडापर्यंत वाजवत चालायला सांगितले आणि आपण बाजूने निघाले. फुंक टिकली. अधूनमधून जास्त श्वास घ्यावा लागला, त्यावर मास्तर म्हणाले, "पोहायला शिकल्यासारखा काय श्वास घेतोस?" खरी पंचाईत पुढे झाली. मास्तरांनी थांबण्याची खूण केली आणि इनास वाजवत पुढे गेला. पुन्हा केली, पुन्हा तेच.

"मान काय गहाण टाकलीस?" मास्तर ओरडले.

"वळत नाय मास्तर," इनास म्हणाला.

मास्तरांनी मिशी चावली. मग "बघू" म्हणाले आणि निघून गेले. चहाही घेतला नाही.

मानेबद्दल मला करता येण्यासारखे फारसे उरले नव्हते. वरचे मणके आधीच जुळले होते. मी ते इनासला सांगितले. त्याने मुंबईच्या कॉर्नेटवाल्याबद्दल वाडीत चौकशी केली. मास्तर कोणाला तरी भेटून आले होते, एवढे कळले. नाताळ आला आणि गेला. इनासने एकही सकाळ चुकवली नाही, पण घरातली थट्टामस्करी पुन्हा कमी झाली. कतरीनने मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, नाय घेतलं तर परत खाटेवर जाईल का हो?" मी म्हटले, "माहीत नाही." तिला खोटे सांगून उपयोग नव्हता.

वर्षारंभीच्या आठवड्यात निरोप आला. निरोपात एवढेच होते : "शनिवारी लग्न. गणवेशाला इस्त्री करून ये." कोणत्या जागी उभे राहायचे ते नव्हते. मास्तरांनी बँडला एखादे वाद्य कमी पडते म्हणून मागच्या रांगेत बोलावले असेल, असे इनास म्हणाला. लग्न त्याच धर्मग्रामातले, म्हणजे त्याच चर्चच्या हद्दीतले होते आणि मिसा सकाळची. दिवसाचा हाच प्रहर त्याच्या दुखण्याचा.

लग्न ओळखीच्या घरचे होते, मलाही आमंत्रण होते. मी पोहोचले तेव्हा मांडवासमोर बँड गोळा होत होता. इनास आला. बूट त्याने स्वतः घातले होते, हे कतरीनने मला येताच सांगितले. अंघोळ करून, फळीवरून उठून, घरापासून मांडवापर्यंत चालत तो आला होता आणि चालता चालता कॉर्नेटमध्ये नुसता श्वास सोडत होता. पहिल्या कॉर्नेटच्या जागी अनोळखी माणूस उभा होता. मुंबईचा. ते पाहून इनास मागच्या रांगेकडे वळला. वळला म्हणजे पावलांनी वळला, कारण मान वळत नव्हती.

दुमिंग मास्तरांनी त्याला कोपराला धरले आणि चालवत आणून सगळ्यांच्या पुढे उभे केले. एकट्याला.

"इथे?" इनास म्हणाला.

"इथे. याला मी दुसऱ्या कॉर्नेटला आणलाय. तुझी मान वळत नाय ना? नको वळवू. हे सगळे तुझ्याकडे बघतील."

"आणि खूण, मास्तर?"

"तू श्वास घेतोस ती खूण. तुझे खांदे असे वर जातात की पार मागच्या ढोलवाल्याला दिसतात. मी उगाच हात हलवत होतो इतकी वर्षं."

खांदे उडवून श्वास घेणे आमच्या शास्त्रात वाईट सवय मानतात. ती मोडायला मी तीन महिने घालवले होते आणि मोडलेली नव्हती.

नवरी मांडवातून बाहेर आली. इनासचे खांदे वर गेले, आणि मागून सगळा बँड एका दमात उठला. कुठेही मागेपुढे झाले नाही. मिरवणूक केळीच्या बागांमधल्या रस्त्याने चर्चकडे निघाली. लाल लुगड्यांतल्या बायका बाजूने चालत होत्या. इनास सरळ समोर बघत होता, कारण त्याला दुसरीकडे बघता येत नव्हते. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणाले की हा पुढचा किती रुबाबात चालतो. बस्त्याव यांनी ते ऐकले आणि त्यांनी ते त्या दिवशी मला चार वेळा सांगितले.

मिसा झाली, बँड वाजत परत मांडवात आला. नवरानवरीसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. नातालीनबाई कुठूनशी एक लोखंडी खुर्ची उचलून घेऊन आल्या आणि इनासच्या मागे ठेवली. त्यांचा चेहरा अगदी कळवळलेला होता.

"कतरीन, पोराला जरा बसू दे ग आता. सकाळपासून उभा आहे."

"बसेल, बसेल," कतरीन म्हणाली. "आधी नवरी तर बसू दे."

बायका हसल्या. नातालीनबाईही हसल्या आणि त्या खुर्चीवर स्वतःच बसल्या. दुमिंग मास्तर पुढची धून सांगायला वळले, त्यांनी तोंड उघडले, पण तोवर इनासचे खांदे वर गेले होते.